अर्धवट कामांचं ओझं
जीव मेटाकुटीला येतो तो बहुधा कामं करताना नव्हे, ती डोक्यात धरून ठेवताना. मनात एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. घरात मात्र गॅस, शाळेची फी, विजेचं बिल, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या सकाळीच रांग लावतात. ब्लूमा झायगार्निक यांच्या १९२७ च्या प्रयोगांत मध्येच थांबवलेली कामं पूर्ण केलेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहिली. पुढे हा निष्कर्ष दर वेळी टिकला नाही, हेही खरं. जास्त उपयोगाचं काम मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचं, २०११ चं: काम झालेलं नसलं तरी ते कधी, कुठे, कसं करायचं हे पक्कं ठरलं की त्याची टोचणी कमी होते. म्हणून नुसती यादी पुरत नाही. वहीत ‘गोळ्या’ एवढंच असेल तर भुणभुण चालूच राहते. ‘शनिवारी भाजी आणताना नाक्यावरच्या मेडिकलमधून दोन पट्ट्या’ असं लिहिलं की मन पिच्छा सोडतं. ज्या कामांना अशी वेळ देता येत नाही, ती दुसऱ्यावर सोपवावीत किंवा सरळ नाही म्हणावं, आणि घरच्या बाईला हेच सगळ्यात जड जातं. या ओझ्यापायी झोपमोड आणि धडधड आठवडेच्या आठवडे चालली, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा; मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांकही चोवीस तास चालू असतो.