सापाच्या विषाची गोळी? एका लाडक्या दंतकथेचा पंचनामा

१/ 'ब्राझीलच्या विषारी सापापासून रक्तदाबाची गोळी बनली' हे वाक्य समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. वाक्य आकर्षक आहे; पण इतिहास म्हणून ते लंगडे आहे. कॅप्टोप्रिलच्या गोळीत विषाचा कणही नसतो.

२/ आधी शरीराचे गणित. मूत्रपिंडातून स्रवणारे रेनिन हे विकर यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन-१ तोडून काढते. ही दहा अमिनो आम्लांची साखळी. एसीई नावाचे विकर तिची शेवटची दोन अमिनो आम्ले छाटते आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब चढतो.

३/ हेच एसीई रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या ब्रॅडिकायनिनचा नाशही करते. म्हणजे ते रोखले की दुहेरी लाभ. काही रुग्णांना होणाऱ्या कोरड्या खोकल्याचे मूळही बहुधा याच साठलेल्या ब्रॅडिकायनिनात आहे.

४/ हे ब्रॅडिकायनिन सापडले कोठे? ब्राझीलमध्ये. रोशा ए सिल्वा, बेराल्डो आणि रोझेनफेल्ड यांनी जराराका सापाच्या विषावर प्रयोग करताना त्याचा शोध लावला व १९४९ साली तो प्रसिद्ध केला.

५/ १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा प्रभाव वाढवणारा घटक दाखवला. पुढे तो लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. हा घटक एसीईलाच रोखतो, हे तेथे वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये दाखवले. बखले! आडनाव ओळखीचे, तरीही मराठी पोस्टींत हे नाव औषधालाही सापडत नाही.

६/ विषातून मिळालेले टेप्रोटाइड रक्तदाब उतरवत होते. पण ते पडले पेप्टाइड. पोटात घेतले तर पचून जाणार, म्हणून टोचूनच द्यावे लागे. आजन्म घ्यायच्या औषधाला हे कसे परवडावे?

७/ कोंडी फोडली स्क्विब कंपनीतील डेव्हिड कुशमन व मिगेल ओंडेट्टी यांनी. एसीईच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. त्याला घट्ट धरणारा गंधकयुक्त लहान रेणू त्यांनी विचारपूर्वक रचला. साल १९७५. १९८१ मध्ये अमेरिकेत कॅप्टोप्रिलला मान्यता मिळाली.

८/ म्हणून दंतकथेचा अपराध दुहेरी आहे. सारे श्रेय सापाला देऊन ती रसायनज्ञांची बुद्धी पुसते आणि साओ पावलो ते लंडन ही माणसांची साखळीही गिळते.

९/ उलट टोकाची कथाही तितकीच खोटी. १९९९ चा लास्कर पुरस्कार कुशमन व ओंडेट्टी यांना मिळाला आणि तो योग्यच होता. पण पुरस्काराची यादी म्हणजे इतिहास नव्हे. फेरेरा व बखले यांच्याविना स्क्विबच्या हाती आरंभाचा धागाच आला नसता.

१०/ सापाने फक्त दार दाखवले. किल्ली माणसांनी घडवली, तीही अनेकांनी मिळून. पुढच्या वेळी ती पोस्ट समोर आली, तर पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारावे: यातली माणसे कुठे गेली?