गहाणखत कोणाचे, जबाबदारी कोणाची?

2008 च्या सप्टेंबरअखेर आयर्लंडच्या मंत्रिमंडळाने एका रात्रीत बँकांच्या प्रचंड देण्याची हमी सरकारी खजिन्यावर घेतली. परंतु ज्या कुटुंबांनी घरांच्या फुगलेल्या किमती खऱ्या मानून आयुष्यभराची मिळकत गहाणखतात अडकवली, त्यांच्यासाठी तशी तातडीची तजवीज झाली नाही. सुमारे 64 अब्ज युरो बँकांच्या उद्धारात गेले. घरबांधणीच्या भरभराटीतून येणारा महसूल ज्यांनी अर्थमंत्री म्हणून 2004 पासून जमेस धरला, ते ब्रायन कॉवेन हमीच्या वेळी पंतप्रधान होते, आणि म्हणूनच हा दोष केवळ सावकारी हावेचा नसून धोरणाचा, अर्थात राज्यकर्त्यांचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये मतदारांनी कॉवेन यांच्या फियाना फॉल पक्षाला अवघ्या 20 जागांवर आणले. कुटुंबांचे गहाणकर्जाचे हप्ते मात्र पुढेही थकतच राहिले.