निव्वळ नफा

इंग्लंडातील फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपतो व ऑगस्टात पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात मैदानावर गवत वाढते आणि बाजारात माणसांचे भाव वाढतात. ह्या दुसऱ्या वाढीकडे चाहत्यांचे लक्ष आता प्रत्यक्ष खेळापेक्षाही अधिक असते, हे आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहो. २०२५ च्या ऑगस्टातील गोष्ट. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर मँचेस्टर युनायटेडचा तांबडा सदरा घालून एक विद्यार्थी बसत असे. तास संपल्यावर आम्ही त्यास सहज छेडले, तो त्याने क्लबाच्या उन्हाळी खरेदीचा पाढाच म्हणून दाखविला. कुन्या सव्वासहा कोटी पौंडांस, एम्ब्यूमो साडेसहा कोटींस, शेश्को त्याहूनही थोडा अधिक. तिघे मिळून वीस कोटींच्या घरात. एवढेच नव्हे, तर प्रत्येकाची रक्कम कराराच्या वर्षांनी भागून दर साल क्लबाच्या वहीत किती खर्च पडणार, हेही त्यास मुखोद्गत होते. गणित चोख होते. मग आम्ही विचारले, "आणि डंकन एडवर्ड्स?" क्षणभर विचार करून तो म्हणाला, "हा कुठल्या क्लबकडून घेतला, सर?"

आम्ही हसलो नाही. दोष त्या मुलाचा नव्हे. ज्या भाषेत त्याला हा खेळ शिकविला गेला, तिच्यात एडवर्ड्सला जागाच नाही. तो कोणाकडून घेतलेला नव्हता. डडली गावचा हा पोरगा शाळा सुटताच मॅट बझ्बीच्या हाताखाली आला, त्याच तालमीत वाढला, आणि ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिकच्या विमान-अपघातात जबर जखमी होऊन पंधरा दिवसांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इस्पितळात वारला. त्या अपघाताने तेवीस माणसे नेली; त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते. पुढे दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, त्याच क्लबाने वेम्ब्लीवर बेन्फिकाचा ४-१ असा पराभव करून युरोपचा चषक घेतला, तेव्हा गोल करणाऱ्यांत अपघातातून वाचलेला बॉबी चार्लटन होता आणि त्याच दिवशी एकोणीस वर्षे पुरी करणारा ब्रायन किड हा मँचेस्टरचाच मुलगा होता.

आमचा पक्षपात आधीच कबूल करून टाकतो. आमच्या आजोबांच्या पिढीने मँचेस्टरच्या कापडाची होळी केली, आणि नातवाने तेथल्याच तांबड्या सदऱ्यावर जीव लावला. ह्यावरून घरात आमची थट्टा पुष्कळ झालेली आहे. परंतु हा जीव चषकांच्या संख्येवर जडलेला नव्हता. ३० ऑक्टोबर १९३७ पासून ह्या क्लबाच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत स्वतःच्या तालमीत तयार झालेला निदान एक तरी खेळाडू राहिला आहे. युद्ध आले, म्यूनिक आले, खालच्या श्रेणीत घसरण झाली, तरी चार हजारांहून अधिक सामन्यांत हा क्रम तुटलेला नाही. असा नेम पंढरीच्या वारकऱ्याने पाळावा. एखाद्या व्यापारी पेढीने पाळल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता २०२५ च्या उन्हाळ्यातील विक्रीची बाजू पाहा. कारण खरेदीबद्दल सर्वच बोलतात. आलेहांद्रो गार्नाचो चार कोटी पौंडांस चेल्सीला विकला. मार्कस रॅशफर्ड, मँचेस्टरात जन्मलेला आणि सातव्या वर्षापासून क्लबात असलेला, बार्सेलोनास उसना दिला. कॉबी मेनू ह्या स्टॉकपोर्टच्या पोराने खेळावयास मिळत नाही म्हणून दुसरीकडे उसने जाण्याची परवानगी मागितली, ती नाकारली, आणि पुन्हा त्यास बाकावरच बसविले. वाचकांस स्मरण करून देतो की, २५ मे १९२४ नव्हे, २५ मे २०२४ रोजी एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीवर २-१ असा विजय मिळाला, त्यातील दोन्ही गोल गार्नाचो व मेनू ह्या एकोणीस वर्षांच्या दोघांनी केले होते. ही घटना शंभर वर्षांपूर्वीची वाटावी इतक्या लवकर क्लबाच्या चालकांस तिचा विसर पडला, म्हणून आमच्याकडूनही सनाची चूक होऊ लागली!

हे असे का होते, ह्याचे उत्तर मैदानावर नाही, खतावणीत आहे. प्रीमियर लीगच्या ज्या नियमांखाली हे व्यवहार झाले, त्यांनुसार तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा क्लबास दाखविता येत नसे. खेळाडू विकत घेतला तर त्याची किंमत कराराच्या वर्षांत वाटून थोडीथोडी खर्ची पडते. तोच दुसऱ्या वर्षी विकला, तर वहीत उरलेली किंमत वजा जाऊन बाकीचा नफा. परंतु घरच्या तालमीत वाढलेल्या मुलाची वहीत किंमत शून्य असते, त्यामुळे त्याच्या विक्रीचा पै न् पै त्याच वर्षी नफा म्हणून जमेस धरता येतो. हिशेबनीस ह्याला 'निव्वळ नफा' म्हणतात. गंमत अशी की, अकादमीवर झालेला खर्च तोट्यात धरू नये अशीही सवलत त्याच नियमांत होती. म्हणजे पोरे वाढवा म्हणून एका हाताने उत्तेजन, आणि वाढली की विका म्हणून दुसऱ्या हाताने! शेरडे पाळणाऱ्या धनगराचा हिशेब ह्याहून निराळा नसतो. फक्त तो आपल्या कळपास 'परिवार' म्हणत नाही.

एकट्या युनायटेडवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. न्यूकॅसलने ३० जून २०२४ ह्या हिशेबाच्या शेवटच्या दिवसाआधी आपल्याच भागातला एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या संघात खेळला. चेल्सीने तर स्वतःची दोन हॉटेले स्वतःच्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीस विकून ताळेबंद सावरला, तेव्हा माणसे विकावयास त्यांना संकोच तो काय वाटावा? सहाव्या वर्षापासून चेल्सीत वाढलेला मेसन माउंट त्यांनी २०२३ साली साडेपाच कोटींस विकला. घेतला कोणी? मँचेस्टर युनायटेडने. दोन वर्षांनी युनायटेडने आपला गार्नाचो विकला. घेतला कोणी? चेल्सीने. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची मुले विकत घ्यावी आणि दोघांच्याही वहीत नफा दिसावा, असा हा चमत्कार आहे. गार्नाचो सोळाव्या वर्षी माद्रिदहून आणलेला होता, अगदी घरचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे, आणि त्याने आमच्या म्हणण्यास फारशी बाधा येत नाही.

परंतु आमच्या मनास जी विक्री सर्वांत जास्त लागली, ती त्याआधीच्या उन्हाळ्यातली. स्कॉट मॅक्टॉमिने हा उंच, काहीसा ओबडधोबड, पण निष्ठावंत गडी बाळपणापासून सुमारे बावीस वर्षे ह्या क्लबात होता. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस त्यास सुमारे अडीच कोटी पौंडांस नापोलीला देऊन टाकले, आणि त्याच आठवड्यात पॅरिसहून मान्युएल उगार्ते ह्यास त्याहून कितीतरी अधिक रकमेस आणले. अडीच कोटी एका वर्षात जमा, उगार्तेचा खर्च पाच वर्षांत विभागून. वही खूष झाली. पुढे काय झाले? २१ मे २०२५ रोजी युनायटेड बिल्बाओ येथे टॉटनहॅमकडून युरोपा लीगचा अंतिम सामना हरले, आणि लीगमध्ये ४२ गुणांवर पंधराव्या स्थानी राहिले. त्याच आठवड्यात, २३ मे रोजी, नापोलीने काल्यारीला २-० ने हरवून इटलीचे विजेतेपद घेतले. पहिला गोल मॅक्टॉमिनेचा होता, आणि त्या हंगामातील इटलीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली तीही त्याचीच. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोत डेन्मार्कविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला त्याने हवेत उलटे होऊन जो गोल केला, त्याने १९९८ नंतर प्रथमच स्कॉटलंडला विश्वचषकाचा मार्ग मोकळा केला. आम्ही तो गोल रात्री जागून पाहिला आणि आनंद झाला की चीड आली, हे आम्हांस नीट सांगता येणार नाही.

येथे व्यवहारचतुर मंडळी आमच्यावर तुटून पडतील. गार्नाचोचे वर्तन ठीक नव्हते, रॅशफर्डचा पगार अवाढव्य होता, हे सर्व आम्हांस ठाऊक आहे. विकत घेतलेल्या माणसांविषयीही आमचा विटाळ नाही. १९९२ साली सव्वा कोटी नव्हे, अवघ्या बारा लाख पौंडांच्या आसपास घेतलेल्या कँटोनाने क्लबाचा कायापालट केला. बझ्बीनेही खरेदी केली. मात्र ती कशी केली, ही आख्यायिका ऐकण्यासारखी आहे. १९५३ साली टॉमी टेलरला बार्न्झ्लीकडून घेताना किंमत ठरली ती २९,९९९ पौंड. तीस हजारांचा शिक्का कपाळी बसून त्या तरुणावर दडपण येऊ नये, म्हणून. उरलेला एक पौंड बझ्बीने चहा देणाऱ्या बाईच्या हातावर ठेवला, असे सांगतात. किंमत ही माणसाच्या पाठीवरचे ओझे आहे, एवढी जाण त्या एका पौंडात होती. आज तोच आकडा क्लब मिरवतो आणि चाहता छातीवर घेऊन हिंडतो.

आणि वहीत हा खड्डा पडला कोणामुळे? मुलांमुळे खचित नव्हे. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला, तो मोठ्या प्रमाणावर कर्ज काढून, आणि ते कर्ज तोवर ऋणमुक्त असलेल्या क्लबाच्याच माथी मारले. आठ कोटींच्यावर किंमत देऊन २०२२ साली आणलेला अँटनी २०२५ साली त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास विकावा लागला. सात कोटींच्या आसपास गेलेला होइलुंड दोन वर्षांत उसना द्यावा लागला, तोही नापोलीलाच. ज्यांनी हे सौदे केले, त्यांच्या चुकांची भरपाई मात्र इतरांनी करावयाची: कित्येक कर्मचाऱ्यांनी नोकऱ्या गमावून, २०२४ च्या डिसेंबरपासून लहान मुलांनाही सवलतीविना ६६ पौंडांचे तिकीट काढून, आणि तालमीतल्या पोरांनी स्वतः विकले जाऊन. वडिलांच्या जुगाराचे देणे घरातील मुलास गहाण टाकून फेडल्याच्या कथा जुन्या ग्रंथांत आहेत. त्यांत निदान त्या वडिलांस कोणी कुशल व्यवस्थापक म्हणत नाही.

तथापि आम्ही चाहतेही निर्दोष नाही. उन्हाळा आला की 'कोण घेतला, कोण घेतला' हा धोशा आम्हीच लावतो. जुलै रिकामा गेला तर चालकांस शिव्या देतो आणि आठ कोटींचा माणूस विमानातून उतरला की नाचतो. १९९५ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसनने इन्स, ह्यूज व कान्चेल्स्किस ह्या तीन नामांकितांस एकापाठोपाठ जाऊ दिले आणि त्यांच्या जागी मोठी खरेदी एकही केली नाही. तेव्हाही लोक खवळलेच होते. पहिल्याच सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाने ३-१ असा मार दिला, आणि दूरचित्रवाणीवर ॲलन हॅन्सनने पोराटोरांच्या बळावर काही जिंकता येत नसते असा निर्वाळा देऊन टाकला. ती पोरे म्हणजे स्कोल्स, बट, बेकहॅम आणि नेव्हिल बंधू. मे १९९६ मध्ये लीग व एफ. ए. कप दोन्ही त्यांच्या हातांत होते. अशी पिढी वारंवार जन्मास येत नाही, हे मान्य. पण ती जन्मास आली आहे की नाही, हे कळण्याइतका वेळ तरी तिला मैदानावर मिळावयास नको काय?

उपाय अशक्य कोटीतला नाही. अकादमीचा खर्च जर हिशेबाबाहेर ठेवता येतो, तर अकादमीतल्या मुलाच्या विक्रीचे उत्पन्नही हिशेबाबाहेर ठेवावे, म्हणजे विकावयाचा मोह तेथेच संपेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी जुने नियम बदलून २०२६-२७ पासून संघावरील खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत ठेवण्याचे ठरविले. ही संधी होती. परंतु त्या नव्या मापातही खेळाडूंच्या विक्रीचा नफा उत्पन्नाच्या बाजूस धरलेलाच आहे. तेव्हा पोरांचा भाव उतरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये युनायटेडने शिक्षक बदलला. मायकेल कॅरिकच्या हाती संघ आल्यावर १७ तारखेस पहिलाच सामना मँचेस्टर सिटीशी पडला, आणि कॅरिकने मेनूला बाकावरून उठवून पहिल्या अकरांत घातले. युनायटेड २-० ने जिंकले. पहिला गोल उन्हाळ्यात घेतलेल्या एम्ब्यूमोचा होता, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. सोमवारी आमचा तो विद्यार्थी तास संपताच टेबलापाशी आला. चेहरा फुललेला होता. मेनू किती शांतपणे चेंडू खेळवतो, गर्दीतून कसा निसटतो, हे तो हातवारे करून सांगू लागला आणि आम्हीही अध्यापकाची पायरी विसरून त्याच्याबरोबर बोलत सुटलो. दारापर्यंत गेल्यावर तो वळून म्हणाला, "आता ह्याची किंमत दुप्पट झाली असेल, सर. आणि सगळा निव्वळ नफा."