सातबारा आणि व्हिसा



मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेतली मुलगी अमेरिकेत शिकायला निघाली, की रात्रभर प्रवास करून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला उभी राहते. प्रश्नोत्तरे काही मिनिटांची, धास्ती महिनोन् महिन्यांची. त्यांच्या १९५२ च्या कायद्यातले कलम २१४(ब) असे, की अर्जदार तिकडेच स्थायिक व्हायला निघाली आहे हे आधी गृहीत धरायचे. परत येणार हे तिने पटवायचे. कशाच्या आधारे? घर, जमीन, नातीगोती.

आता तिच्या नावावर आहे काय? हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ ची. तरी कापूस वेचते आई, आणि उताऱ्यावर नाव बापाचे, नाहीतर भावाचे. कर्जाला जमीन तारण ठेवायची वेळ आली, की घरात कोण रुसते हे आपल्याला ठाऊकच आहे.

१८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला गेल्या, त्यांना व्हिसा लागला नव्हता. अडवत होता तो समाज. आजच्या मुलीपुढे दोन्ही.

व्हिसाचा नकार कायमचा नसतो. फी बुडते, पण पुन्हा अर्ज करता येतो. मुलाला घरचे 'परत बघ' म्हणतात. मुलीला स्थळ दाखवतात. गटाच्या बैठकीत या मुलींचे कागद मांडून बसू या. पासपोर्टला आई-बापापैकी एकाचेच नाव पुरते, हा डिसेंबर २०१६ चा नियम परित्यक्ता आयांना सांगू या. आणि तलाठ्याकडे वारसनोंदीला जाताना मुलीलाही बरोबर नेऊ या.