विश्लेषण : रांगा लागूनही जपानमधील रामेनची दुकाने बंद का पडताहेत?

जपानला फिरायला जाणाऱ्या जोडप्यांच्या यादीत फुजी पर्वत आणि क्योटोच्या मंदिरांबरोबर आता गावोगावचे रामेनही असते. येन घसरल्याने दोघांचे पोटभर जेवण साधारण हजार-बाराशे रुपयांत होते. पर्यटकांना स्वस्त वाटणारा हा वाडगा विकणाऱ्याला मात्र परवडेनासा झाला आहे. टेइकोकू डेटाबँक या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ७२ रामेन व्यवसाय दिवाळखोरीत गेले. २०२३ मध्ये ही संख्या ५३ होती.

प्रादेशिक रामेन म्हणजे काय?

रामेनचे मूळ चिनी. टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० मध्ये सुरू झालेल्या राईराईकेन या दुकानाने ते लोकप्रिय केले. पुढे प्रत्येक प्रदेशाने त्याला आपली चव दिली. कडाक्याच्या थंडीच्या सापोरोत मिसो घातलेला दाट रस्सा, तर फुकुओकात डुकराची हाडे तासन्‌तास उकळून केलेला पांढरट रस्सा. तेथील नागाहामा मासळी बाजारातल्या कामगारांना वेळ नसे. म्हणून पटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स आणि हव्या तर वरून आणखी नूडल्स घेण्याची पद्धत रुजली. फुकुशिमा प्रांतातील किताकाता या छोट्या शहरात लोक सकाळच्या न्याहारीलाही रामेन खातात, तर यामागातात उन्हाळ्यात चक्क थंड रामेन मिळते.

‘हजार येनची भिंत’ काय आहे?

रामेन हे जपानमध्ये सामान्य माणसाचे जेवण मानले जाते. त्यामुळे एका वाडग्याला हजार येनपेक्षा (साधारण ५५० ते ६०० रुपये) जास्त मोजायला ग्राहक तयार नसतो, असा व्यावसायिकांचा समज आहे. यालाच ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. २०२४ मध्येही सरासरी दर ७०० येनच्या आतच होता.

खर्च कशाने वाढला?

जपान गहू आणि इंधन मोठ्या प्रमाणात आयात करतो. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६१ येनच्या पुढे मोजावे लागत होते. त्यात डुकराचे मांस आणि वीजही महागली. ऑक्टोबर २०२४ पासून किमान वेतनाची देशव्यापी सरासरी तासाला १,०५५ येन झाली. म्हणजे तासाभराची मजुरी एका वाडग्याच्या सरासरी दरापेक्षा जास्त. ३ जुलै २०२४ रोजी नव्या नोटा आल्या आणि अनेक दुकानांच्या दाराजवळची तिकीट यंत्रे बदलण्याचा किंवा सुधारण्याचा खर्चही अंगावर पडला. मोठ्या साखळ्या एकगठ्ठा खरेदी करून हा भार पेलतात. नवरा-बायको मिळून चालवत असलेल्या दहा खुर्च्यांच्या दुकानाला ते जमत नाही.

पर्यटकांचा आधार नाही का?

२०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक जपानमध्ये आले. पण त्यातील बहुतेक टोकियो, ओसाका, क्योटो याच पट्ट्यात फिरतात. किताकातासारख्या ठिकाणी भिस्त स्थानिक ग्राहकांवरच असते. पर्यटकांकडून जास्त दर घ्यावेत का, यावरही चर्चा सुरू आहे. पण रोजच्या ग्राहकाला परवडेल असा दर ठेवायचा, तर फरक किती ठेवणार, हा प्रश्न उरतोच.

जोडप्यांनी काय लक्षात ठेवावे?

एका वाडग्यावरचा नफा कमी असल्याने खुर्ची किती लवकर रिकामी होते, यावर दुकानाचे गणित चालते. दोघांत एकच वाडगा घेतला तर दोन खुर्च्या अडतात आणि विक्री एकाचीच होते. म्हणून माणशी एक वाडगा हा बहुतेक ठिकाणी संकेत आहे. गप्पा नंतर, आधी गरम रामेन. शाकाहारींनी आधी चौकशी करावी, कारण वर फक्त भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुधा मांस, हाडे किंवा माशांचा असतो.

सापोरो किंवा हाकाता रामेन देशभर पोहोचले आहे, ते टिकेल. छोट्या गावाची चव मात्र बऱ्याचदा दोन-चार वयस्कर मालकांच्या हातात असते. दुकान बंद झाले की ती चवही जाते. म्हणूनच वाडग्यामागे शे-दोनशे येन जास्त मोजायला जपानी ग्राहक तयार होतो का, यावर बरेच काही ठरणार आहे.