वाघिणीचा जमाखर्च

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनात मी एक वस्तू मांडली होती. शेजारच्या चिठ्ठीवर मराठीत लिहिले होते : 'मीटरगेजची वाघीण'. पहिल्या तासाभरात जे आले ते वाघ शोधत आले. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, इंग्रजी 'वॅगन'चे आपल्या माणसांनी फार पूर्वीच असे बारसे करून टाकले आहे, आणि मालगाडीला अपघात झाला की मराठी वर्तमानपत्रांत आजही वाघिणीच रुळांवरून घसरतात, हे मला माझ्या मराठी मित्रांनाही समजावून सांगावे लागले. असो.

वाघ नाही असे कळल्यावरही काही जण थांबले. परीक्षकही थांबले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. हे चालते का? (ढकलले तर चालते.) इंजिन कुठे आहे? (नाही.) याचा उपयोग काय? या तिसऱ्या प्रश्नासाठी त्यांच्या हातातल्या छापील तक्त्यात एक रकानाच होता, 'बाजारपेठ व उपयुक्तता' असा. माझ्या नावापुढे तो कोरा राहिला. बक्षीस मिळाले नाही याचे मला वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु हा लेख बक्षिसाबद्दल नाही, त्या रकान्याबद्दल आहे.

प्रथम इंजिनाविषयी. ज्याला त्याला इंजिनच हवे असते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि मला मालडब्यातच रस वाटतो, त्याला कारण आहे. २०२२–२३ या वर्षी भारतीय रेल्वेचे एकूण उत्पन्न सुमारे २.४० लाख कोटी रुपये होते. त्यातले सुमारे १.६२ लाख कोटी एकट्या मालवाहतुकीतून आले. आपण तिकीट काढून खिडकीशी बसतो आणि बाजूच्या रुळावर थांबून राहिलेल्या मालगाडीकडे कंटाळून पाहतो. वास्तविक आपल्या तिकिटाचा काही भार तीच वाहत असते. तिच्या प्रत्येक डब्यावर अकरा आकडे रंगवलेले असतात. पहिले दोन डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे (आपल्या दक्षिण मध्य रेल्वेचे ०९), नंतरचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकडी क्रमांक आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर लिहिले गेले की नाही याचा ताळा. डब्याच्या पाठीवर स्वतःचे ऑडिट! फाटकाशी उभा राहून मी पहिल्यांदा हा ताळा करून पाहिला आणि तो जुळला, तेव्हापासून मला हे वेड लागले.

लहानपणी पुण्याला मावशीकडे गेलो असता कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले होते. १९९८ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याला जी. ए. कुलकर्णी यांचे नाव आहे. धारवाडात आयुष्य काढलेल्या मराठी लेखकाचे, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. तिथली रेल्वे एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात आहे. जगभर या प्रमाणाचे रूळ मिळतात आणि त्यांची रुंदी १६.५ मिलिमीटर असते, कारण युरोप-अमेरिकेतले खरे रूळ १४३५ मिलिमीटरचे. आपली मोठी लाइन मात्र १६७६ मिलिमीटरची. भागून पाहा, १९.२६ येतात. म्हणजे विकतच्या रुळांवर आपली मालगाडी त्या प्रमाणात उभी केली की ती पावणेतीन मिलिमीटरनी खोटी होते. पण मीटरगेज घ्या आणि प्रमाण एकास साठ धरा. हजार भागिले साठ म्हणजे १६.६७. जवळजवळ नेमके! वहीच्या मागच्या पानावर हे गणित सुटले त्या रात्री मला झोप आली नाही.

मीटरगेजच घेण्याचे दुसरे कारण घरातले आहे. आमच्यासारखी कितीतरी मराठी घरे मराठवाड्यातून इथे आली ती मनमाड, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद अशी येणाऱ्या त्या छोट्या लाइनीवरून. काचीगुडा स्टेशन कोठीहून पायी जाण्याइतके जवळ आहे. १९१६ साली बांधलेल्या त्या इमारतीचे घुमट सगळ्यांनी पाहिलेले आहेत. त्या स्टेशनात आता मीटरगेजचा एकही रूळ नाही. ते गेले हे हिशोबाने बरोबरच झाले. मनमाडला दोन लाइनी भेटत तेव्हा एका वाघिणीतली पोती हमालांच्या पाठीवरून दुसरीत जात. वेळ जाई, मजुरी जाई आणि पोतेही फाटे. १९९२ मध्ये सगळीकडे एकच रुंदी करण्याची 'युनिगेज' योजना आली आणि त्या दशकात मराठवाड्यातली लाइन मोठी झाली. मला त्याचे दुःख करायचे नाही. मात्र ज्या वाघिणी भंगारात गेल्या त्यांची प्रतिकृती कुठलाही कारखाना कधी काढणार नाही, कारण तिला गिऱ्हाईक नाही. ज्याला हवी त्याने ती स्वतःच्या हाताने करायची, एवढाच मार्ग उरतो.

माझा कारखाना म्हणजे आमच्या गॅलरीतले आजीचे जुने शिलाई मशीन. मशीन आत मिटले की वर टेबल होते. डब्याच्या भिंती लग्नपत्रिकांच्या आहेत. जाड, गुळगुळीत पत्रिका आमच्या घरी पोत्याने पडून असतात. दोन एकावर एक चिकटवायच्या आणि कडांना फेविक्विक पाजायचे, की प्लॅस्टिकसारख्या कडक होतात. (माझ्या वाघिणीच्या आतल्या बाजूला अजून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असे वाचता येते.) जुन्या डब्यांना रिव्हेट असत. ते करण्यासाठी आलेखाचा कागद खाली ठेवून पत्रिकेच्या मागून कंपासच्या बोथट केलेल्या टोकाने एकेक ठिपका दाबायचा. एका बाजूला दोनशेच्या वर ठिपके झाले, आणि एकशेनव्वदाव्याला हात सरकला की अख्खी बाजू फेकून द्यायची. मी तीन फेकल्या. पायऱ्या स्टेपलरच्या पिनांच्या. दांडे गुजराती गल्लीत वजनावर घेतलेल्या तांब्याच्या तारेचे. रंग म्हणजे ट्रूप बाजारात मिळणारा रेड ऑक्साइड. दुकानदाराला पाव लिटरच हवा आहे हे पटवताना घाम फुटला. तळाशी लोखंडी नट चिकटवले, कारण डबा हलका झाला की वळणावर उडतो. चाके तेवढी विकतची, आणि इतर सगळ्या सामानापेक्षा तीच महाग. सर्वांत त्रास आसांनी दिला. दोन आस एकमेकांना समांतर नसतील तर डबा खेकड्यासारखा तिरपा चालतो, आणि केसाएवढा फरकही त्याला पुरतो. चौथ्या खेपेला जमले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि आई स्वयंपाकघरातून "साकु, ऊटा माडु!" म्हणून तिसऱ्यांदा ओरडत होती. आई भालकीची आहे, रागावली की कन्नडमध्ये रागावते.

कारखान्याचे नकाशे मला मिळाले नाहीत. माझ्याजवळ बाजूने काढलेली दोन छायाचित्रे होती आणि आबा होते. दक्षिण मध्य रेल्वे १९६६ मध्ये निघाली; पुढच्या वर्षी माझे आजोबा नांदेडच्या मालधक्क्यावर क्लार्क म्हणून लागले. दाराची उंची किती, असे मी विचारले तेव्हा फूट-इंच त्यांना सांगता येईना. मग ते उठले, पाठीवर उशी घेतली, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि पोते घेतलेला हमाल वाघिणीत शिरताना किती वाकतो ते त्यांनी करून दाखवले. मी पट्टी लावली. साठाने भागले.

प्रदर्शनाच्या वेळी आबा गावी होते. परत आल्यावर मी मोठ्या ऐटीत वाघीण त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि बहुधा दहा सेकंदही गेली नसतील.

"अरे, ही आपली नाही. ही मोठ्या लाइनीची आहे."

"का आबा?"

"दोन बाजूंना दोन बफर कशाला लावलेस? आपल्या गाडीला मधोमध एकच असायचा."

छायाचित्रे बाजूने काढलेली होती. टोकाला बफर दिसत होता, तो एक की दोन हे त्यांत कळत नव्हते, आणि मी मोठ्या लाइनीवर जे रोज पाहिले होते ते डोळे झाकून लावून दिले. दोन दिवसांच्या प्रदर्शनात शेकडो माणसांनी ती पाहिली, परीक्षकांनी पाहिली. कोणाच्याच लक्षात आले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मला जो प्रश्न विचारायला हवा होता तो आबांनी विचारला. केलेली वस्तू बरोबर आहे का, हा प्रश्न आपल्या तक्त्यात कुठेच नाही. तिचा उपयोग काय, ती विकेल का, एवढेच आपण विचारतो, आणि वाणिज्य शाखेत तर जरा जास्तच विचारतो.

मी परिव्ययाचा कागदही मांडून पाहिला आहे. चाके व आस नऊशे रुपये. तार, गोंद, पाती, रंग मिळून चारशे दहा. वेळ मी वहीत टिपून ठेवला होता, एकाहत्तर तास. ताशी शंभर रुपये मजुरी धरली तर सात हजार शंभर. एकूण आठ हजार चारशे दहा रुपये, आणि तेही चुकीच्या बफरांसह. काकांनी हा कागद पाहिला आणि ते म्हणाले, "दुसरी करताना वेळ कमी लागेल. दहा कर, परदेशात घेणारे आहेत." काका चुकत नाहीत. दुसरीला मला चव्वेचाळीस तासच लागले. विसाव्या वाघिणीला कदाचित पंधरा लागतील. तोपर्यंत मी साचे केलेले असतील आणि रिव्हेट मोजणे सोडून दिलेले असेल. तो धंदाही चांगलाच, त्यात कमीपणा काही नाही. थ्री-डी प्रिंटरवर डबे छापणारा एक मित्र आहे, त्याचेही मला कौतुक आहे; मापे घेण्यासाठी त्यालाही शेवटी आबांकडेच यावे लागले. परंतु पहिले एकाहत्तर तास मजुरीच्या रकान्यात लिहिताना मला चूक केल्यासारखे वाटले. त्या तासांत मी काटकोन म्हणजे काय ते शिकलो. तो मला शाळेत पूर्ण गुणांनी येत होता.

आपल्या महाविद्यालयांत आता उद्योजकतेची शिबिरे होतात, नवउद्योगाच्या स्पर्धा होतात. होऊ देत. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलाने काही केले की लगेच त्याच्या हातात बाजारपेठेचा तक्ता द्यायचा, हे मला पटत नाही. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा असते. कला आणि वाणिज्यच्या मुलांना तीन वर्षांत कानस हातात धरायची वेळच येत नाही, आणि मग आम्ही कारखान्यांचे ताळेबंद वाचायला निघतो. प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे की वापरात नसलेली एखादी खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडून द्यावी. कोणी रेडिओ जोडील, कोणी पुस्तके बांधील. तिथे कोणी तक्ता घेऊन येऊ नये. आबांसारखी निवृत्त माणसे या शहरात पुष्कळ आहेत. त्यांतले कोणी यावे आणि काय चुकले ते सांगावे.

दुसऱ्या वाघिणीला एकच बफर आहे. आबांनी ती पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि दाराच्या कडीकडे बोट दाखवले. तेव्हा तिसरी सुरू केली आहे. व्हाइस माझ्याकडे आहे. शिलाई मशीनवर ती आवळता येत नाही, तेवढे एक पक्के टेबल मिळाले तर बरे होईल.