नवा साहेब, नवे पाळणे?

गेल्या शनिवारी एका मित्राकडे मिसळ खायला जमलो होतो. टँपातली नेहमीचीच मंडळी. सहापैकी पाच जण आय.टी.वाले, सहावा दाताचा डॉक्टर (म्हणजे तेवढाच एक कामाचा माणूस). मिसळ झाली, ताक झालं आणि गप्पांची गाडी नेहमीच्या स्टेशनावर आली. डिस्ने! वॉल्ट डिस्ने वर्ल्ड इथून सव्वा-दीड तासावर. त्यामुळे पुण्यात जशा सगळ्या गप्पा शेवटी ट्रॅफिकवर येतात, तशा इथे त्या 'आता नवीन काय येणार'वर येतात.

यावेळी निमित्तही तगडं होतं. बॉब आयगरच्या जागी मार्चपासून जॉश डमारो येणार हे फेब्रुवारी २०२६ मध्ये जाहीर झालं आणि आमच्या यजमानांना दिवाळी झाली. "आता बघच तू. हा माणूस पार्कातला आहे. टीव्हीवाला नाही, हिशेबनीस नाही. व्हिलन्स लँड तर येणारच, पण अॅनिमल किंगडमला अजून दोन राइड्स मिळतात की नाही बघ. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं नाही. पण डोक्यात बसलं, आणि म्हणून रविवारची सकाळ ह्यात घालवतोय.

आधी कबुली देऊन टाकतो. मी स्वतः ह्या रोगाचा जुना पेशंट आहे. एका संकल्पचित्रातल्या झाडांच्या सावल्यांवरून राइडचं दार कुठल्या दिशेला असेल, ह्यावर मी पाऊण तास तावातावाने भांडलोय. त्या पाऊण तासात माझ्या टीमचं एक रिलीज गटांगळ्या खात होतं. तेव्हा "ह्याला काय कळतंय पार्कातलं" असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. :)

माझं म्हणणं एवढंच की आपण चाहत्यांनी एक राजाराणीची गोष्ट रचून ठेवली आहे. चांगला राजा आला की राइड्स येतात, वाईट राजा आला की तिकीट महागतं. दर दहा-बारा वर्षांनी राजा बदलतो आणि आपण नव्याने गुढ्या उभारतो. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती कवटाळून बसल्यामुळे आपण गिऱ्हाईक म्हणून निव्वळ बावळट ठरतो.

पुरावा हवा? २००१ साल घ्या. फेब्रुवारीत अनाहाइमला डिस्ने कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर उघडलं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या लोकांना कॅलिफोर्नियाचीच स्वस्तातली नक्कल दाखवणारं पार्क. त्याची इतकी छी-थू झाली की २००७ मध्ये कंपनीला ते सुधारण्यासाठी शंभर कोटी डॉलरच्या वर रक्कम जाहीर करावी लागली. आणि त्याच २००१च्या सप्टेंबरात टोकियो डिस्नेसी उघडलं, जे आजही चाहते जगातलं सगळ्यात देखणं पार्क म्हणून सांगतात. वर्ष तेच, कल्पना काढणारी इमॅजिनियर मंडळी त्याच कंपनीची, आणि वरचा साहेबही तोच, मायकल आयस्नर. मग फरक कशाचा? टोकियोत पैसे ओरिएंटल लँड कंपनीचे होते. ते पार्क त्यांच्या मालकीचं आहे, डिस्ने तिथे आराखडे आणि नाव देते आणि त्याचा मोबदला घेते. त्यांनी थैली सैल सोडली, अनाहाइमला ती आवळलेली होती. आता ह्यात आयस्नर चांगला राजा की वाईट? तुमच्या गोष्टीत हे बसवून दाखवा, पुढची मिसळ माझ्याकडून.

आयस्नरचंच पुढे सांगतो, कारण ह्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. १९८४ मध्ये तो आणि फ्रँक वेल्स आले तेव्हा तो तारणहार होता. १९९४ मध्ये वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेला, युरो डिस्नेचं कर्ज मानगुटीवर होतं, आणि बघता बघता तोच आयस्नर खलनायक झाला. २००३च्या नोव्हेंबरात वॉल्टचा पुतण्या रॉय ई. डिस्ने राजीनामा देऊन बाहेर पडला आणि त्याने 'सेव्ह डिस्ने' मोहीम काढली. मार्च २००४ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत ४३ टक्के मतं आयस्नरला नाकारली गेली, अध्यक्षपद गेलं, आणि २००५ मध्ये तो पायउतार झाला. चाहत्यांना ही आपली स्वातंत्र्यचळवळ वाटते. अहो, पण त्या दिवशी जे मोजलं गेलं ते शेअर होते! तुमचं पार्कावरचं प्रेम कुणीही वजनकाट्यावर ठेवलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे आयगरची निवड झाली तेव्हा ह्याच रॉय डिस्नेने निवडीच्या पद्धतीवरून कोर्टात धाव घेतली होती. काही महिन्यांत समेट झाला, आयगरने पिक्सार विकत घेतलं, आणि आयगर चांगला राजा ठरला. पुढे २०२० मध्ये बॉब चेपेक आला. तो वाईट. नोव्हेंबर २०२२ मध्ये चेपेकला काढून आयगर परत आला तेव्हा आमच्या ऑफिसात (ज्याचा डिस्नेशी काडीचा संबंध नाही) एकाने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. चेपेकला त्या खुर्चीवर बसवताना आयगर शेजारीच उभा होता, हे मात्र सगळे सोयीस्करपणे विसरले.

आता राइड्सकडे या. मॅजिक किंगडममधली ट्रॉन. जाहीर झाली जुलै २०१७ मध्ये, आयगरच्या काळात. तेव्हा पार्क विभागाचा प्रमुख होता चेपेक. बांधकाम दोघांच्या काळात रखडत रखडत झालं, मध्ये कोविड येऊन गेला, आणि उघडली एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे परत आयगर! आणि ही काही शून्यातून काढायची राइड नव्हती. शांघायमध्ये ती २०१६ पासून धावत होती. तयार कोड नव्या सर्व्हरवर टाकायला सहा वर्षं लागली म्हणा ना. ही राइड कुठल्या राजाच्या खात्यावर मांडायची? आपल्या धंद्यातला कुणीही सांगेल, आज जे रिलीज होतंय त्याचा निर्णय तीन मॅनेजरांपूर्वीचा असतो, आणि आजचा मॅनेजर नुसता केक कापतो.

आणि डमारो. माणूस हसतमुख आहे, पार्कात फिरतो, लोकांबरोबर फोटो काढतो. उत्तम. पण मे २०२० पासून पार्क विभागाचा प्रमुख तोच होता ना? १९९९ पासून फुकट मिळणारा फास्टपास जाऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनी प्लस नावाने रांग चुकवायचे पैसे सुरू झाले, तेव्हा शिव्या कुणाला पडल्या? चेपेकला. आणि चेपेक जाऊन दोन वर्षं झाल्यावर, २०२४च्या ऑक्टोबरात, माणशी दिवसाला ४४९ डॉलरपर्यंत जाणारा प्रीमियर पास आला तेव्हा? तेव्हाही विभागप्रमुख तोच हसतमुख माणूस. मी त्याला वाईट म्हणत नाहीये. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, कारण आकडेच तसे आहेत. २०२४च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या सगळ्या विभागांच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त, नऊ अब्ज डॉलरच्या वर, ह्या पार्क-क्रूझवाल्या विभागातून आला. त्याच्या दोनच वर्षं आधी स्ट्रीमिंगमध्ये वर्षाला चार अब्जांचा खड्डा पडला होता. तो खड्डा कुठल्या गायीच्या दुधाने भरला गेला असेल? रांगेत उभं राहून आपण ज्याला 'जादू' म्हणतो ती त्या घरातली दुभती गाय आहे, आणि गुराखी बदलला म्हणून गाय दूध कमी देत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवणार असं जाहीर झालं. आमच्या कंपूने त्याच संध्याकाळी ते पैसे राइड्समध्ये वाटूनही टाकले. त्यात क्रूझ जहाजं आहेत, जगभरची सहा ठिकाणं आहेत, डागडुजी आहे, हे कोण बघतो!

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड आणतात ती संकल्पचित्रं. डी-२३ ह्या चाहत्यांच्या मेळाव्यात पडद्यावर एक जलरंगातलं चित्र येतं, हॉलभर किंकाळ्या, आणि आपण पुढची पाच वर्षं त्या चित्रात राहायला जातो. २०१९ मध्ये एपकॉटला मेरी पॉपिन्सची राइड येणार होती. स्पेसशिप अर्थचा कायापालट होणार होता. दोन्ही कुठे आहेत? २०२२ मध्ये तर "ह्या नुसत्या कल्पना आहेत हं" असं बजावून कल्पना दाखवल्या, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तारखा पण काढल्या. आपण सॉफ्टवेअरवाले! क्लायंटला दाखवलेल्या स्लाइडमध्ये आणि चालणाऱ्या प्रॉडक्टमध्ये किती योजनं अंतर असतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? सेल्सवाल्याने परस्पर कबूल केलेलं फीचर बघून आपण कपाळ बडवतो, आणि इथे तीच स्लाइड बघून टाळ्या पिटतो. २०२४च्या मेळाव्यात स्टेजवरून मुद्दाम सांगावं लागलं की यावेळी दाखवतोय त्यावर खरोखर काम सुरू आहे. ह्यातच सगळं आलं.

चित्रं पुढे ढकलता येतात, पाडापाडी मात्र वेळेवर होते. त्याच २०२४च्या मेळाव्यात स्टेजवर मॅजिक किंगडमसाठी कार्स आली, व्हिलन्स लँड आलं. त्यासाठी रिव्हर्स ऑफ अमेरिका ही नदीच बुजणार, हे मागाहून कळलं. जुलै २०२५ मध्ये नदी, बोट, टॉम सॉयर बेट, सगळं बंद झालं.

ह्या बोटीबद्दल थोडं वैयक्तिक. २०१४ मध्ये आई-बाबा नाशिकहून आले होते. बाबांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. रोलर कोस्टर वगैरे प्रश्नच नव्हता. त्या चाकाच्या बोटीवर मात्र ते एका दिवसात तीनदा बसले. वरच्या डेकवर, टोपी सांभाळत, "हे बरं आहे, कुणी आरडाओरडा करत नाही." पुढची ट्रिप करायची ठरलं आणि मी शहाण्याने ती ढकलत राहिलो. आता ट्रॉन येणार आहे, पन्नासावं वर्ष येणार आहे, मेरी पॉपिन्स तर आईच्या आवडीची... सगळं एकदम झालं की बोलवू. मग कोविड. मग परत "थांबा, अजून एक मोठी घोषणा होईल असं म्हणतायत." २०२५च्या जूनमध्ये बाबांना फोनवर सांगितलं की ती बोट बंद होणार. ते म्हणाले, "अरेरे. मग आता तिकडे बसायचं कुठे?" ह्यात चूक कुणाचीही नाही, फक्त माझी. मी नसलेल्या राइड्ससाठी असलेली बोट घालवली.

"अरे पण मजा असते रे त्यात!" हे उत्तर मला शनिवारीही मिळालं. आपण क्रिकेटची टीम नाही का निवडत घरबसल्या? निवडतो. आणि अंदाज बांधणाऱ्यांमध्ये एक जात अशी आहे की तिला माझा साष्टांग नमस्कार. हे लोक फ्लोरिडाच्या पाणी खात्याकडे दाखल झालेले परवान्याचे नकाशे वाचतात, पेटंटं वाचतात, हवाई फोटोंवरून पायाचे खांब मोजतात. तो अभ्यास आहे. लॉग वाचण्यासारखा. माझं भांडण चेहरे वाचणाऱ्यांशी आहे. आयगर अमुक कार्यक्रमात अमक्याकडे बघून हसला, म्हणजे...

आणि चेहरे वाचता वाचता ज्यांच्याकडे बघायचं राहतं त्यांचं काय? जुलै २०२१ मध्ये कंपनीने ठरवलं की कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोन हजार नोकऱ्या, त्यात बरेच इमॅजिनियर, ऑर्लँडोजवळ लेक नोनाला हलवायच्या. ज्यांच्या डोक्यातून ह्या राइड्स निघतात ती माणसं. काहींनी नोकरी सोडली, काहींनी घरं विकून बिऱ्हाड हलवलं. मे २०२३ मध्ये तो बेत रद्द झाला. कंपनी म्हणाली, परिस्थिती बदलली आहे. ऑनसाईटला पाठवून वर्षभरात "प्रोजेक्ट होल्डवर आहे" अशी मेल ज्यांना आली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको. राइड का रखडते ह्याचं निदान थोडं तरी उत्तर इथे सापडेल. पण आमच्या गप्पांत लेक नोनाला पाच मिनिटं मिळाली, आणि डमारो टाय का घालत नाही ह्याला पंचवीस.

असो. आता अबू धाबीचं सुरू झालंय. मे २०२५ मध्ये घोषणा झाल्यापासून दुबईतल्या माझ्या मावसभावाने राइड्सची यादी बनवायला घेतलीय. तिथे पैसे आणि बांधकाम मिराल ह्या स्थानिक कंपनीचं, डिस्नेचे आराखडे, म्हणजे साधारण टोकियोची वाट. त्याला मी एवढंच कळवलं की साहेबांची नावं पाठ करण्यापेक्षा मिरालची थैली किती सैल आहे ते बघ.

बाबांचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. डिसेंबरची तिकिटं काढतोय. पीपलमूव्हरला वर जायला सरकता उतार आहे, चढायला-उतरायला फिरता फलाट आहे आणि कुणी आरडाओरडा करत नाही. तो चालू आहे ना, एवढं फक्त आदल्या दिवशी बघून घेईन.